पोट उडतंय का बघ

नालासोपारा पूर्वेला, एका चाळीच्या तोंडाशी असलेल्या अंगणवाडीत लसीकरण चाललं होतं. दारात चपलांचा ढीग, आत सिस्टरांच्या टेबलावर लसींचा निळा डबा, त्यात कडेनं लावलेल्या बर्फाच्या चार पट्ट्या, शेजारी वापरलेल्या सुईचं टोक कापायचं छोटं यंत्र. बाकावर दीड महिन्याचं बाळ घेऊन एक आई बसली होती. सिस्टरांनी कार्ड पाहिलं आणि रोजच्या सवयीनं भरभर सांगितलं, "डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडावर पोलिओची. आणि दोन डोस तोंडातून." आईनं मान हलवली. मग शेजारच्या आशाताईंकडे वळून हळूच विचारलं, "तीन-तीन सुई? किसलिए?"

"एक निमोनिया का है," आशाताई म्हणाल्या.

"हमारे घर में किसी को निमोनिया नहीं है."

आशाताई मूळच्या रत्नागिरीकडच्या. पंधरा वर्षं त्याच चाळीत राहतात. त्यांनी आपल्याच बरगड्यांवर हात ठेवला, श्वास आत ओढून दाखवला आणि म्हणाल्या, "पसली चलती है ना बच्चों की? वो."

आई काही क्षण गप्प बसली. तिच्या मोठ्या जावेचा मुलगा गावाकडे पसली चालूनच गेला होता, सहा महिन्यांचा असताना. हे तिनं नंतर सांगितलं. त्या वेळी तिनं फक्त बाळाच्या दुसऱ्या मांडीवरचं दुपटं स्वतःच्या हातानं बाजूला केलं.

मी तेव्हा तिथं दुसऱ्याच कामासाठी गेले होते. ते काम काय होतं तेही आता नीट आठवत नाही. ही पाच मिनिटं मात्र मनातून जात नाहीत, आणि या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला मी लगेच हो म्हटलं ते त्यांच्यामुळेच. पुढच्या पानांवर वसई-विरारमधले आईबाप बोलणार आहेत. आपल्या तान्ह्या बाळाला छातीच्या आजारांवरची लस द्यायची की नाही, कधी द्यायची, कुणाचं ऐकून द्यायची, दिल्यावर रात्र कशी गेली, हे ते आपापल्या शब्दांत सांगणार आहेत. त्याआधी मला एवढंच सांगायचं आहे की ते शब्द जपून वाचावेत. सरकारी नोंदवहीत ज्याला 'नकार' म्हणतात, तो जवळून पाहिला तर बहुतेक वेळा विचारायचा राहून गेलेला एक प्रश्न असतो. आणि तो प्रश्न विचारला जात नाही, कारण आजाराला घरात एक नाव असतं आणि लसीकरण केंद्रात दुसरं.

नावांचीच गोष्ट आधी घेऊ. मराठी घरात बाळाला धाप लागली की आजी म्हणते, "पोट उडतंय का बघ." छातीपेक्षा आधी ती पोटाकडे बघते. तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. तान्हं बाळ श्वास घेतं तो मुख्यतः पोटाच्या हालचालीनं, आणि फुप्फुसात सूज आली की श्वास भरभर होतो, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, पोट वरखाली होऊ लागतं. विदर्भात याला 'डबा' म्हणतात. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या घरांत 'पसली', गुजराती घरांत 'ससणी'. एकाच दुखण्याची ही चार-पाच नावं, आणि प्रत्येक नावामागे त्या त्या घरातलं एखादं गेलेलं मूल. 'न्यूमोकोकल कॉन्ज्युगेट' या पीसीव्हीच्या पूर्ण नावामागे कोणत्याच घरातलं कुणी नाही.

वसई-विरारमध्ये हा पेच जितका दाट आहे तितका तो महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. पश्चिमेला, बागायती पट्ट्यात वाडवळी बोलणारी घरं आहेत, कादोडी बोलणारे सामवेदी आणि कुपारी आहेत, अर्नाळ्याला आणि पाचूबंदरला कोळीवाडे आहेत. पूर्वेला, महामार्गापलीकडे वारली आणि कातकरी पाडे. मधल्या पट्ट्यात, रेल्वेच्या दोन्ही बाजूंना, मुंबईत घर परवडेना म्हणून आलेला कोकणी, घाटी, भोजपुरी, मारवाडी, गुजराती, बंगाली माणूस. २००९ च्या जुलैत चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या बारा लाखांवर होती, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो आकडा किती मागे पडला असेल ते सांगावं लागत नाही. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे शहर नवं, जिल्हा नवा, वस्ती तर रोज नवी. अशा ठिकाणी आशाताईंच्या यादीत काल नसलेलं बाळ आज असतं, आणि आज असलेलं बाळ उद्या आजोळी गेलेलं असतं.

कोणत्या लसी, हे थोडक्यात सांगते. जन्मल्यावर लगेच बीसीजी, डाव्या दंडावर. ती लहान मुलांना क्षयाच्या सर्वांत भयंकर रूपांपासून, विशेषतः मेंदूच्या क्षयापासून वाचवते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. तिच्यात घटसर्प आहे, डांग्या खोकला आहे आणि हिब नावाच्या जंतूवरची लसही आहे. हे तिन्ही घशाला-छातीला धरणारे. मग न्यूमोनियावरची पीसीव्ही, सहा आणि चौदा आठवड्यांना आणि पुन्हा नवव्या महिन्यात. नवव्या महिन्यातच गोवर-रुबेला. गोवराला आपण अंगावरच्या पुरळाचा आजार समजतो, पण गोवरात मुलं दगावतात ती बहुतांशी न्यूमोनियानं. २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथं गोवर पसरला, तेव्हा ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन पुन्हा कळली. काही भागांत नऊ महिने पूर्ण न झालेल्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला.

पीसीव्हीबद्दल दोन ओळी अधिक लिहायलाच हव्यात. ही लस महाराष्ट्रात बरीच वर्षं फक्त खासगी दवाखान्यात मिळायची आणि एकेका डोसाला हजारो रुपये पडायचे. ज्यांच्या मुलांना न्यूमोनियाचा धोका सर्वांत जास्त, दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, खोलीतच चूल किंवा स्टो, त्यांच्याच आवाक्याबाहेर ती होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं डिसेंबर २०२० मध्ये न्यूमोसिल ही आपल्याकडे बनवलेली लस आणली, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात, पाठोपाठ देशभर, पीसीव्ही सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळू लागली. २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची सात लाखांहून जास्त मुलं न्यूमोनियानं गेली. एवढ्या मोठ्या मारेकऱ्यावरची लस गरिबाच्या अंगणवाडीत पोचली, ही आपल्या काळातली मोठी घटना आहे. तिची बातमी मात्र अनेक घरांत 'अजून एक सुई वाढली' एवढीच पोचली.

आता आईबापांची बाजू. पेंटाच्या पहिल्या डोसानंतर पुष्कळ बाळांना ताप येतो, मांडी सुजते, रात्रभर किरकिर चालते. डांग्या खोकल्याच्या घटकामुळे हे होतं आणि एक-दोन दिवसांत उतरतं. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत मावते. विरारच्या खोलीत मावत नाही. तिथं बाळाचा बाप पहाटेची लोकल धरतो, चौथ्या सीटवर टेकायला मिळालं तर नशीब. तो रात्रभर जागला तर दुसऱ्या दिवशी मशीनवर त्याचा हात चुकू शकतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्यांत बाळ रडलं तर चाळ जागी होते, आणि सकाळी नळावर चार बायका विचारतात, "धडधाकट पोराला कशाला टोचून आणलंस?" पुढच्या महिन्यात ती आई म्हणते, "त्यांना विचारून सांगते." ते म्हणजे लोकलमध्ये लटकलेले ते. या वाक्याची नोंद नकार अशी होते. खरं तर त्या घरानं एका रात्रीचा हिशेब मांडलेला असतो, आणि त्या हिशेबात न्यूमोनियाच्या बाजूला लिहायला त्यांना कुणी काही दिलेलंच नसतं.

माझ्या पहिल्या मुलीच्या वेळचं सांगते. एका खासगी रुग्णालयात बाळंतपण झालं. घरी सोडताना हातात प्लॅस्टिकची फाइल दिली. तिच्यात इंग्रजीत छापलेला लसींचा तक्ता, पुढे तारखा. "डेट बघून या," एवढंच सांगितलं. मला इंग्रजी येत होतं, तरी त्या तक्त्यातली कोणती लस कशावर आहे हे मला कळलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटली होती. दीड महिन्यानं टोचून आणल्यावर मुलगी एकशे एक तापानं फणफणली, तेव्हा मी रात्री दोन वाजता आईला उठवलं. आईनं पाण्याची घडी कपाळावर ठेवली आणि म्हणाली, "टोचल्यावर येतोच ताप. देवी काढल्या तेव्हा तुझ्या आजीलाही आला होता." चार शब्द. ते दिवसा दवाखान्यात कुणी सांगितले असते तर ती रात्र वेगळी गेली असती.

एक तक्रार या भागात वारंवार ऐकू येते, आणि तिच्यात तथ्य आहे. बीसीजीची एक कुपी अनेक बाळांना पुरते. एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. गोवर-रुबेलाचंही तसंच. एकाच बाळासाठी कुपी फोडायला हरकत नाही असं नियम सांगतो, पण टेबलामागच्या माणसाला वाया गेलेल्या डोसांचा जाब द्यायचा असतो. मग ऐकायला मिळतं, "आज एकच बाळ आहे, पुढच्या वेळी या." ओली बाळंतीण रिक्षाचे पैसे खर्चून, ऊन चुकवत, कडेवर तान्हं घेऊन आलेली असते. तिला दोनदा परत पाठवलं की तिसऱ्यांदा ती येत नाही. तिच्या मनात लसीविषयी काहीही वाईट नसतं.

आणि घरात तिला अडवणारंही कुणी वाईट नसतं. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये, ही रीत इथल्या वाडवळ, आगरी, भंडारी घरांत आहे. वेगवेगळ्या नावांनी ती भोजपुरी आणि गुजराती घरांतही आहे. तिच्यामागे शहाणपण आहे. ज्या काळात लस नव्हती त्या काळात तान्ह्याला गर्दीपासून, खोकणाऱ्या माणसांपासून दूर ठेवणं हाच एक उपाय होता. गंमत वाटण्यापेक्षा मला याचा दिलासाच वाटतो की सव्वा महिना संपतो आणि साधारण त्याच सुमाराला सहा आठवडे पूर्ण होतात. आजीला हे जोडून सांगितलं की ती स्वतः नातवाला घेऊन बाहेर पडते. एका सामवेदी घरातल्या आजीनं मला विचारलं होतं, "म्हणजे उंबरा ओलांडायचा मुहूर्त तोच ना?" मी हो म्हटलं.

सगळं मात्र जुनं म्हणून राखण्यासारखं नाही. अंघोळीनंतर बाळाला शेगडीवर ओवा, लसणीची सालं टाकून धुरी द्यायची पद्धत अजून आहे. त्या धुराचा कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो. मेळघाटात पोट उडणाऱ्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला 'डम्मा' म्हणतात. डागण्याची ही रीत फक्त तिथलीच आहे असंही नाही. अशा डागांवर रागावून आईला ओरडणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. राग समजतो. पण त्या आईनं बाळाचा आजार ओळखला होता, त्याचं नाव तिला ठाऊक होतं आणि हाताशी जो उपाय होता तो तिनं रडत रडत केला होता. ओरडा खाल्लेली आई पुढच्या बाळाच्या वेळी दवाखान्यात उशिरा येते.

घरातला शब्द धरून काम केलं तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं १९८८ पासून गावातल्याच आरोग्यदूतांना आणि सुइणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. लोक ज्याला डबा म्हणतात तो कसा दिसतो, श्वास कसे मोजायचे, औषध कधी द्यायचं. आकडे न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचं साधं यंत्र केलं होतं. १९९० साली लॅन्सेटमध्ये त्याचा अहवाल आला, त्यात न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी झालेले दिसले. आज देशभरातल्या आशाताई जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जातात आणि मिनिटभर त्याचे श्वास मोजतात, त्या कामाचं मूळ गडचिरोलीत आहे.

शंका घेणारे आईबाप ही आजची गोष्ट नाही, हेही लक्षात असू द्यावं. हिंदुस्थानातली देवीची पहिली यशस्वी लस मुंबईतच टोचली गेली, १४ जून १८०२ ला, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा लस एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून घेऊन दुसऱ्याच्या दंडावर लावत. लोक विचारत, ते मूल कुणाचं, कोणत्या जातीचं, त्याला आणखी काही आजार नव्हता ना? यातला जातीचा प्रश्न लाजिरवाणा होता, शेवटचा प्रश्न मात्र रास्त होता. पुढे गावोगाव फिरणाऱ्या 'देवी डॉक्टर'ला बघून बायका मुलं लपवत, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं आहे. प्लेगच्या साथीत हाफकिननी १० जानेवारी १८९७ ला भायखळ्यात आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांना काय पाहायचं असतं, हे त्या माणसाला कळलं होतं.

आता जगात पुढची पायरी आली आहे. आरएसव्ही नावाचा विषाणू तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनलिका सुजवतो. २०१९ मध्ये त्यानं जगभरात पाच वर्षांखालची लाखाच्या वर मुलं नेली, त्यांतली निम्म्याच्या आसपास सहा महिन्यांच्याही आतली. मेळघाटात डॉ. आशिष सातव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी दगावलेल्या बाळांमध्ये हा विषाणू शोधला आणि दवाखान्याच्या नोंदीत न येणारे मृत्यू उजेडात आणले. आता त्यावर दोन उपाय आहेत. एक, गरोदर आईला शेवटच्या महिन्यांत लस. दुसरा, बाळालाच एक इंजेक्शन, ज्यात तयार प्रतिपिंडं असतात आणि ती पाचेक महिने पुरतात. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतानं २०२३ च्या हिवाळ्यात तान्ह्या बाळांना ते देऊ केलं. इंजेक्शन घेतलेल्या बाळांत या विषाणूमुळे रुग्णालयात दाखल व्हायचा धोका ऐंशी टक्क्यांहून अधिक कमी झाला. २०२४ मध्ये चिलीनंही तेच केलं. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सर्वच देशांना यांपैकी एक उपाय स्वीकारायची शिफारस केली. आपल्या सरकारी कार्यक्रमात तो अजून आलेला नाही.

स्पॅनिश बोलणाऱ्या आईबापांचं इथं आवर्जून सांगते, कारण नालासोपाऱ्याच्या बाकावर घडलं तेच त्यांच्याही वाट्याला येतं. अमेरिकेत राहणाऱ्या अशा एखाद्या आईला इंग्रजी कागदावर 'आरएसव्ही' दिसतं, स्पॅनिश कागदावर 'व्हीआरएस', आणि तिच्या मूळ देशातल्या बहिणीच्या फोनवर 'व्हीएसआर'. तीन नावं, विषाणू एकच. बाळाला दिलं ती लस की औषध, हेही नीट उलगडत नाही, कारण प्रतिपिंडाचं इंजेक्शन रूढ अर्थानं लस नव्हेच. घरी मात्र तिला छातीतली घरघर आणि ओढला जाणारा श्वास पक्का ओळखता येतो. दोन खंडांपलीकडची ती बाई आणि आमची नालासोपाऱ्याची ती आई एकाच बाकावर बसल्या तर खुणांनी सगळं बोलतील.

उद्या हे इंजेक्शन वसई-विरारच्या सूतिकागृहांत येईल तेव्हा ते जन्मल्या जन्मल्या द्यायचं असेल. म्हणजे समजावून सांगायला डिलिव्हरी आणि डिस्चार्ज यांमधले दोन-तीन दिवसच. त्यात बाप कामावर, आई थकलेली, सासू गावाहून नुकती उतरलेली. म्हणून हे शब्द आत्ताच गोळा करून ठेवणं मला फार निकडीचं वाटतं. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याहून वीटभट्ट्यांवर येणाऱ्या कुटुंबांचे शब्द तर आधी हवेत. त्यांचं बाळ पाड्यावर जन्मतं, भट्टीवर वाढतं, आणि त्याचं कार्ड कुठल्या तरी पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली असतं. सामाजिक कार्यकर्ते विवेक पंडित यांच्या संघटनेनं याच भट्ट्यांवर मुलांसाठी भोंगाशाळा उभ्या केल्या होत्या. मूल जिथं आहे तिथं शाळा न्यायची, हा त्यांचा हिशेब साधा होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी साधारण तीन-चतुर्थांश मुलांचं लसीकरण पूर्ण होतं. उरलेली मुलं कुठं असतील याचा अंदाज भट्टीवर एक दुपार घालवली की येतो.

त्या अंगणवाडीतल्या आईकडे मी पुढच्या आठवड्यात गेले होते, आशाताईंबरोबर. बेचाळिसावा दिवस मधल्या सुट्टीमुळे लांबला होता, ती भेट बाकी होती. बाळाला ताप येऊन गेला होता, एक रात्र. बाप चिडला होता का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "बोला उनको, पसली का है." त्यावर तो काही बोलला नाही म्हणे, गोळी कितीची आणायची एवढंच विचारलं.

आशाताईंनी बाळाचं झबलं वर केलं, घड्याळ काढलं आणि पोटाकडे बघत मोजायला लागल्या. आईही वाकून बघत होती. तिचे ओठ हलत होते, तीही मोजत होती. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, म्हणजे मिनिटाला साठ किंवा जास्त झाले तर दवाखाना. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मिनिट झालं.

"चव्वेचाळीस," आशाताई म्हणाल्या.

"हमारा तैंतालीस आया," आई म्हणाली.

आशाताईंनी पुन्हा मोजलं.